लिखित आणि साक्षी : कोल्हापूर प्रकरणातील बनावट पत्रे आणि देशी वृत्तपत्रांतील शहानिशेचा प्रश्न

१

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात १८८२चे कोल्हापूर प्रकरण सामान्यतः तुरुंगवासाची कथा म्हणून सांगितले जाते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या पंचविशीच्या दोन संपादकांनी कोल्हापूर संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि मुदतीपूर्वीच, २६ ऑक्टोबर रोजी, डोंगरीच्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली. या १०१ दिवसांवर आगरकरांनी त्याच वर्षी पुस्तक लिहिले. पुढे टिळकांच्या वाट्याला आलेल्या १८९७ आणि १९०८च्या शिक्षांमुळे हा पहिला तुरुंगवास मागे वळून पाहणाऱ्याला एका दीर्घ मालिकेचा आरंभ वाटू लागला. साहजिकच शिक्षेचे कारण कथेच्या कडेला गेले.

ते कारण अवघड आहे. ज्या पत्रांच्या आधारावर 'केसरी' आणि 'मराठा' यांनी बर्वे यांच्यावरील आरोप उभे केले होते, ती पत्रे बनावट होती. खुद्द बर्वे यांच्या नावची आणि तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्याविरुद्धचे कारस्थान उघड करणारी अशी ती भासत होती. बनावट उघड होताच संपादकांनी माफी मागितली. फिर्यादीने फिर्याद मागे घेतली नाही. १८९७ आणि १९०८मध्ये वाद होता तो मताचा आणि त्या मताच्या अर्थाचा. १८८२चा वाद मात्र निव्वळ वस्तुस्थितीचा होता : जे छापले ते खरे की खोटे. राष्ट्रवादाच्या चरित्रकथेत हा फरक बहुधा पुसला जातो, आणि त्याबरोबर एक मूलभूत प्रश्नही पुसला जातो. टिळक कायद्याचे पदवीधर होते. आगरकर पुढे 'वाक्यमीमांसा' लिहिणारे, म्हणजे वाक्याचा प्रत्येक अवयव सुटा करून तपासणारे. अशा दोन बुद्धिमान माणसांनी त्या कागदांवर विश्वास का ठेवला?

या प्रश्नाचे उत्तर व्यक्तींच्या उतावीळपणात शोधणे सोपे आहे. परंतु त्या काळातील देशी वृत्तपत्रांना पुरावा कोणत्या रूपात उपलब्ध होता आणि तो पारखण्याचे कोणते मार्ग खुले होते, हे शेजारच्या भाषांतील वृत्तपत्रव्यवहार समोर ठेवून पाहिले तर अधिक काही हाती लागते. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात मानुष प्रमाणांचे तीन प्रकार मानले गेले : लिखित, भुक्ती आणि साक्षी. यांपैकी भुक्तीचा संबंध जमिनीच्या उपभोगाशी येतो, म्हणून ती येथे बाजूला ठेवता येईल. वृत्तपत्राच्या कामाचे पुरावे दोनच : कागद आणि माणूस. गुजराती वृत्तपत्राने माणूस उभा केला आणि ते तरले. मराठी वृत्तपत्राने कागद उभा केला आणि ते अडकले. मात्र हा भेद भाषिक स्वभावाचा नाही. तो भूगोलाचा आणि सत्तेच्या रचनेचा आहे.

२

करसनदास मूळजी यांनी 'सत्यप्रकाश' या मुंबईतील गुजराती साप्ताहिकात १८६०मध्ये वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या आचरणावर टीका करणारा लेख प्रसिद्ध केला. जदुनाथजी महाराज यांनी करसनदास आणि मुद्रक नानाभाई राणिना यांच्यावर ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात १८६२च्या जानेवारीत सुनावणी सुरू झाली आणि एप्रिलमध्ये निकाल लागला. 'महाराज लायबल केस' या नावाने तो खटला सर्वश्रुत आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात त्याची चर्चा भरपूर झाली आहे. येथे त्याकडे पुराव्याचे प्रकरण म्हणून पाहावयाचे आहे.

करसनदास स्वतः त्याच वैष्णव समाजातील कपोळ वाणी होते. ज्या गोष्टींविषयी ते लिहीत होते त्या त्यांच्याच गल्ल्यांत, त्यांच्याच हवेल्यांत घडत होत्या. पाहणारी माणसे चालत जाऊन भेटण्याच्या अंतरावर होती. त्यांना बोलते करणे मात्र सोपे नव्हते. महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचा ठराव भाटिया समाजाच्या सभेत झाला, तेव्हा करसनदासांनी त्यावरच फौजदारी कारवाई केली. १८६१चा हा भाटिया कारस्थान खटला मुख्य खटल्याची प्रस्तावना ठरला. त्यात काही पुढाऱ्यांना दंड झाला आणि साक्षीदारांच्या तोंडावरचे कुलूप निघाले. पुढे डॉ. भाऊ दाजी यांनी वैद्य म्हणून साक्ष दिली, संप्रदायाच्या ग्रंथांविषयी जॉन विल्सन यांनी सांगितले, आणि अनेक सामान्य साक्षीदार उलटतपासणीला सामोरे गेले. दोन्ही न्यायाधीशांची मते सर्व बाबतींत जुळली नाहीत. तरी मुख्य आरोप खरा असल्याचा प्रतिवादीचा बचाव टिकला, आणि त्यास ११,५०० रुपये खर्चादाखल मंजूर झाले.

या यशाचे श्रेय केवळ संपादकाच्या धैर्याला देणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. धैर्याला साक्षीदार मिळाले, आणि साक्षीदारांना संरक्षण देणारी यंत्रणा त्याच शहरात होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा दिवाणी दावा होता, आणि इंग्रजी रिवाजाप्रमाणे अशा दाव्यात विधान खरे असणे हा पूर्ण बचाव होता. त्याच १८६२च्या जानेवारीत भारतीय दंडसंहिता अमलात आली. तिच्या ४९९व्या कलमातील पहिला अपवाद खऱ्या विधानाला संरक्षण देतो, पण ते विधान लोकहितासाठी केलेले असले तरच. त्याहून महत्त्वाची आहे ती 'सद्भावा'ची व्याख्या. योग्य काळजी आणि लक्ष यांवाचून केलेले कृत्य किंवा धरलेला विश्वास सद्भावपूर्वक मानता येणार नाही, असे संहितेचे ५२वे कलम सांगते. म्हणजे मनापासून खरे वाटले एवढ्याने भागत नाही. शहानिशा हा शब्द कायद्यात नाही. शहानिशेची अपेक्षा मात्र तेथे स्पष्ट आहे, आणि २०२३च्या भारतीय न्याय संहितेनेही ती जवळपास जशीच्या तशी ठेवली आहे. वृत्तपत्रविद्येच्या पाठ्यपुस्तकांनी हे कलम विद्यार्थ्यांस आरंभीच शिकवावयास हवे होते.

बंगालचा अनुभव या दोहोंच्या मधला आहे. निळीच्या मळेवाल्यांच्या जुलुमाविषयी हरिश्चंद्र मुखर्जी यांच्या 'हिंदू पेट्रिअट'ने जे लिहिले ते मोठ्या प्रमाणावर मुफस्सल बातमीदारांच्या पत्रांवर अवलंबून होते. जेसोरहून शिशिरकुमार घोष लिहीत, कृष्णनगरहून मनमोहन घोष. येथेही पुरावा पत्राच्याच रूपात आला. परंतु पत्रलेखक संपादकाला माहीत होता, तो स्वतः पाहून लिहीत होता, आणि एकदाच लिहून थांबत नव्हता. एका पत्रातील चूक पुढच्या पत्राशी ताडता येत होती. शिवाय १८६०मध्ये नीळ आयोग बसला, त्यापुढे रयतेने जबान्या दिल्या आणि हरिश्चंद्रांनीही साक्ष दिली. अशा रीतीने लिखिताच्या पाठीशी साक्षी उभी राहिली. एवढे असूनही दीनबंधू मित्र यांच्या 'नीलदर्पण' नाटकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१मध्ये एक महिन्याची कैद आणि १,००० रुपये दंड झाला. आयोगापुढे जे वास्तव नोंदले गेले ते नाटकात आल्यावर बदनामी ठरले. साहित्यप्रकार बदलला की पुराव्याचा दर्जाही बदलतो, याचे हे ठळक उदाहरण होय. तुलनाकारांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

३

कोल्हापूरच्या बाबतीत यांपैकी काहीच अनुकूल नव्हते. राजाराम महाराज १८७०मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तल्यानंतर १८७१मध्ये दत्तक घेतलेले बालराजे वाढत होते ते संस्थानी कारभारी आणि ब्रिटिश अधिकारी यांच्या देखरेखीखाली. त्यांची मनःस्थिती बिघडल्याचे अधिकृतपणे सांगितले जात होते. त्यांना वाईट वागणूक मिळते, ती जाणूनबुजून दिली जाते, वेडाचा बोभाटा हेतुपुरस्सर केला जातो, अशी कुजबूज पुण्यापर्यंत येत होती. पुण्याच्या संपादकाला राजवाड्यात प्रवेश नव्हता. वाड्यातील नोकर साक्षीला येणे अशक्य होते. राजा स्वतः बोलला तरी त्याचे बोलणे वेड्याचे म्हणून आधीच बाद ठरलेले होते. या शेवटच्या मुद्द्याचा विचार पुरेसा झालेला नाही. ज्याच्यावर अन्याय होतो असे म्हणायचे, त्याचीच साक्ष अग्राह्य असेल तर पत्रकाराने काय तपासावे?

अशा बंद दरवाजाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती कारभाऱ्याच्याच नावची पत्रे पडली. पत्र हा त्या काळच्या मराठी मनाला सर्वांत विश्वसनीय वाटणारा लेखनप्रकार होता. 'प्रभाकर'मधून १८४८पासून आलेली लोकहितवादींची शतपत्रे हा मराठी निबंधाचा पाया मानला जातो, आणि तो पत्राच्या रूपातच घातला गेला. वृत्तपत्रांचा मोठा भाग वाचकांच्या आणि गावोगावच्या बातमीदारांच्या पत्रांनी भरत असे. खरे सांगणारा माणूस पत्र लिहितो, असा एक संकेतच वाचकवर्गात रुजला होता. त्यातून हे पत्र आरोपीचेच. साक्षीदार खोटे बोलू शकतो. माणूस स्वतःच्या खाजगी पत्रात स्वतःविरुद्ध खोटे कशाला लिहील? बनावट करणाऱ्याने नेमका हाच तर्क हेरलेला असतो.

येथे एक विलक्षण योगायोग आहे. ज्या पुण्यात आणि ज्या वर्तुळात हे घडले, तेथेच त्याच काळात जुन्या कागदांच्या चिकित्सेचा उदय होत होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६०च्या दशकातच ग्रँट डफच्या इतिहासावर टीका केली होती. १८७८पासून 'काव्येतिहाससंग्रह' मासिकातून बखरी आणि जुनी पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. 'केसरी'चे आधारस्तंभ विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा या इतिहासप्रेमाशी निकटचा संबंध होता. खटला उभा असतानाच, मार्च १८८२मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे १८९८मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेऊन समकालीन अस्सल पत्राला श्रेष्ठ साधनाचे स्थान दिले. कागद कोठून आला, कोणाच्या दप्तरात होता, अक्षर कोणाचे, मिती आणि प्रसंग जुळतात की नाही, हे प्रश्न मराठी इतिहाससंशोधनाने हळूहळू अंगवळणी पाडले. पेशव्यांच्या पत्राला जे प्रश्न विचारले गेले ते कारभाऱ्याच्या पत्राला विचारले गेले नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचा कागद संशोधकाचा, कालचा कागद बातमीदाराचा, अशी ही विभागणी होती. ती अद्यापही पुरती मोडलेली नाही.

त्याहून जुनी आठवणही उपलब्ध होती. मराठेशाहीच्या दप्तरात पत्राला शिक्का होई, मजकूर संपला तेथे मोर्तब होई, आणि 'लेखनसीमा' हे शब्द येत. मजकूर संपला त्या ठिकाणी ही मुद्रा उमटवली की खाली कोणी एक ओळही वाढवू शकत नसे. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवले असतील तर सांध्यावरही शिक्का पडे. आपल्या बोलण्यात 'शिक्कामोर्तब' हा शब्द आजही आहे, पण त्यामागे खोट्या लेखाची भीती होती हे आपण विसरलो आहोत. छापखान्याने ती भीती नाहीशी केली नाही. तिची खूण तेवढी पुसली. बनावट पत्र खिळ्यांत जुळवून छापले की त्याचे अक्षर, शाई, कागद, घडी सर्व लोपते आणि ते शेजारच्या खऱ्या बातमीइतकेच स्वच्छ दिसू लागते.

पत्रे पारखण्याचा एक मार्ग खुला होता, असा आक्षेप घेता येईल : छापण्यापूर्वी बर्वे यांनाच विचारायचे. आजच्या वृत्तपत्रशिस्तीत ही पहिली पायरी. १८८१-८२च्या परिस्थितीत तिचा अर्थ वेगळा होता. ज्याच्याकडे संस्थानची सत्ता आहे त्याला कागद दाखवणे म्हणजे कागद पुरवणाऱ्याला उघडे पाडणे. हा युक्तिवाद समजून घ्यावा, पण तो संपूर्ण मान्य करता येत नाही. पत्राचा मूळ धनी कोण आणि ते कोणत्या हातांतून आले, एवढी विचारणा कारभाऱ्याला काही न कळवता करता आली असती. न्यायालयात जे महिन्यांनंतर उघड झाले त्यातील निदान काही भाग संपादकांच्या खोलीत आधी उघड होण्यासारखा होता.

४

त्या काळी खरे काय ते सांगण्याचा दावा सरकारही करीत होते. १८७८चा देशी वृत्तपत्र कायदा भारतीय भाषांतील पत्रांपुरताच होता. त्याखाली दंडाधिकारी जामीन मागू शकत असे आणि त्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद नव्हती. त्याच सुमारास वृत्तपत्रांस सरकारी माहिती पुरवण्यासाठी प्रेस कमिशनर नेमण्यात आला. रोपर लेथब्रिज यांनी हे काम केले. एका हाताने शिक्षा आणि दुसऱ्या हाताने अधिकृत सत्य, अशी ही योजना रिपनच्या कारकिर्दीत मोडीत निघाली. 'केसरी'चा जन्म जानेवारी १८८१चा, म्हणजे या संधिकाळातला. अधिकृत माहितीवर अविश्वास हा त्या पिढीच्या पत्रकारितेचा सहजधर्म होता, आणि तो अकारण नव्हता. या अविश्वासाची दुसरी बाजू अशी की अधिकाऱ्याविरुद्ध जाणारा कागद आपोआप खरा वाटू लागतो. अपप्रचाराची आजची मीमांसा ज्याला आपल्या मताला पोषक तेच खरे मानण्याची प्रवृत्ती म्हणते, तिचे वासाहतिक रूप येथे दिसते.

शहानिशेचे स्वतंत्र शास्त्र पुढे अन्यत्र वाढले. 'न्यूयॉर्कर'सारख्या अमेरिकन नियतकालिकाने १९२०च्या दशकात मजकूर छापण्यापूर्वी तपासणारा विभाग उभारला. छापून किंवा बोलून झालेल्या विधानांची जाहीर तपासणी करणाऱ्या संस्था २००३नंतर अमेरिकेत आणि मागाहून अन्यत्र निघाल्या. भारतात २०१७मध्ये सुरू झालेले 'ऑल्ट न्यूज' हे त्यांतील एक ठळक नाव. त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा छायाचित्रे आणि चित्रफिती यांचे मूळ शोधण्यात जातो, पण खोटी सरकारी परिपत्रके आणि नेत्यांच्या नावची बनावट पत्रे यांचे प्रमाणही थोडे नाही. तंत्र नवे आहे; विचारले जाणारे प्रश्न कीर्तने-राजवाड्यांच्या परंपरेला ओळखीचे वाटावेत असेच आहेत. मुख्य फरक असा की येथे तपासनीस निष्कर्षाबरोबर तपासाची वाटही छापतो, म्हणजे वाचक तीच वाट पुन्हा चालून पाहू शकतो. १८८२मध्ये ती वाट फक्त न्यायालयाच्या नोंदीत होती, आणि तीही इंग्रजीत. मूळ मराठी मजकुराचा अर्थ अनुवादातूनच न्यायासनापुढे जात असे. १९०८मध्ये टिळकांनी सरकारी अनुवादावर घेतलेले आक्षेप याच व्यवस्थेविरुद्ध होते.

सत्य ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेण्याचा प्रश्नही परत आला. शासनविषयक कोणता मजकूर खोटा आहे हे केंद्र सरकारच्या एका कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झाली. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. संपादकांनी नीट तपासले नाही म्हणून त्यांना ज्या न्यायालयात शिक्षा झाली, त्याच न्यायालयाने १४२ वर्षांनी तपासण्याचे काम सरकारच्या हाती सोपवण्यास नकार दिला. या दोन निर्णयांत विसंगती नाही. पहिला निर्णय शहानिशेचे ओझे वृत्तपत्रावर टाकतो, दुसरा ते तेथून उचलू देत नाही.

५

कोल्हापूर प्रकरणाचा सर्वांत जाचक भाग निकालानंतरचा आहे. पत्रे खोटी ठरली, पण राजाच्या दुःस्थितीविषयीची चिंता खोटी ठरली असे म्हणता येत नाही. या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि त्या एकत्र बांधल्या गेल्या हेच त्या बनावट कागदाचे खरे यश. आरोप पत्रांवर टेकवला होता. पत्रे कोसळताच राजवाड्यात काय चालले आहे हा प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकारही काही काळ कोसळला. जनतेची सहानुभूती संपादकांकडेच राहिली. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला होता, ज्यांचे पुढे टिळकांशी तीव्र मतभेद झाले त्या प्रवाहातूनही ही मदत आली. परंतु सहानुभूती मिळाली ती माणसांना. त्यांच्या प्रश्नाला मिळाली नाही.

सुटकेनंतर आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर पूर्ण प्रसिद्धीस नेले. ते १८८३मध्ये आले. ज्याच्या वेडाविषयी खात्री देता येत नाही असा राजपुत्र, त्याच्यावर पाळत ठेवणारा दरबार, आणि समुद्रप्रवासात बदललेले, खोटी मोहर उठवलेले पत्र : या नाटकात शहानिशेचा प्रश्न कथानकाच्या मुळाशी आहे. नायक भुताच्या एकट्या साक्षीवर विसंबत नाही, नाटकाचा प्रयोग लावून तिची परीक्षा घेतो, आणि तोच नायक पुढे बनावट पत्राने दोन माणसांना मृत्यूकडे धाडतो. भाषांतरकाराच्या मनात कोल्हापूर किती होते हे ठरवण्याची गरज नाही. १८८३च्या मराठी वाचकाला ते आठवल्याशिवाय राहिले असेल असे मानणे कठीण आहे.

त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, अहमदनगरच्या किल्ल्यात देखरेखीसाठी नेमलेल्या एका गोऱ्या सैनिकाशी झटापट होऊन चौथे शिवाजी महाराज मरण पावले.